एकदाचं पुसा हो!

माणसानं मेल्यावर तरी सुटावं, एवढी माफक अपेक्षा असते. आमच्या मास्तरांची तीही पुरी झाली नाही.

मास्तर म्हणजे माझे शेजारी, चाळीस वर्षांचे स्नेही आणि पेठेतल्या वाचनालयाच्या जुन्या सभासदांपैकी एक. गेल्या वर्षीची गोष्ट सांगतो. मास्तर जाऊन तेव्हा दोन वर्षं उलटली होती. त्यांच्या जन्मतारखेला सकाळी बरोबर सात वाजता त्यांचा फोन वाजला. (फोन वहिनींनी चालू ठेवला आहे. का, हे विचारायची माझी हिंमत झालेली नाही.) निरोप होता : 'प्रिय सभासद, वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा! आपणांस उदंड आयुष्य लाभो. आपले वाचनालय.'

वहिनी फोन घेऊन माझ्याकडे आल्या. रडल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. चष्मा पुसत त्यांनी एवढंच विचारलं, "भावजी, तुम्ही वाचनालयाच्या कमिटीवर आहात ना? हे उदंड म्हणजे किती हो?"

उत्तर नसलं की मराठी माणूस चहा टाकायला सांगतो. मीही सांगितला. वहिनींनी तो घेतला आणि त्या गेल्या. मी मात्र पायांत चपला सरकवल्या आणि वाचनालय उघडायच्या आधीच त्याच्या पायरीवर जाऊन बसलो.

ग्रंथपाल बाई आल्या. मी कुलूप उघडायच्या आतच विचारलं, "बाई, मास्तरांचं नाव काढलं होतं ना?"

"काढलंय की! तुम्हीच दाखल्याची झेरॉक्स आणून दिलीत. त्याच दिवशी काढलं. बघा हवं तर."

त्यांनी काँप्युटर सुरू केला, मास्तरांचं नाव घातलं. पडद्यावर आलं : 'सभासद सापडला नाही.' म्हणजे बघा, सकाळी सात वाजता जो सापडला होता, तो दहा वाजता बेपत्ता! शेवटी ज्यानं हा सगळा कारभार आम्हांला बसवून दिला त्या मुलाला बोलावलं. मुलगा हुशार आहे, नम्र आहे, चहा नको म्हणतो आणि दोन कप पितो. त्यानं पाच मिनिटं काहीतरी टकटक केलं आणि म्हणाला, "काका, ते डिलीटच आहेत. फक्त डिलीट म्हणजे डिलीट नाही."

हे वाक्य मी पुन्हा म्हणायला लावलं. वेदान्तावरची व्याख्यानं मी पुष्कळ ऐकली आहेत, पण इतक्या थोडक्यात कुणी सांगितलं नव्हतं.

मग त्यानं मला आतलं टेबल दाखवलं. डेटाबेसातलं टेबल म्हणजे आपलं जाबदा रजिस्टरच. एका माणसाची एक आडवी ओळ, तिला म्हणायचं रेकॉर्ड. उभे रकाने नावाचे, पत्त्याचे, जन्मतारखेचे. त्यात मास्तर होते. संपूर्ण नाव, घर नंबर, फोन, जन्मतारीख, सगळं जिथल्या तिथे. फक्त शेवटच्या रकान्यात शून्याऐवजी एक. रकान्याचं नाव 'इज डिलिटेड'. बाईंनी 'काढा' असं बटण दाबलं की ओळ काढली जात नाही, त्या शून्याचा एक होतो. शोधायचा पडदा एकवाल्यांना वगळतो. मात्र वाढदिवसाच्या निरोपाचं काम नंतर दुसऱ्या एका पोरानं केलं. त्याला हा रकाना कुणी सांगितला नाही, आणि त्यानं आपण होऊन बघितला नाही. त्यामुळे दोन वर्षांत वाचनालयातून काढलेल्या, सोडलेल्या, गावाला गेलेल्या आणि देवाघरी गेलेल्या सगळ्यांनाच उदंड आयुष्य चिंतण्याची सोय झाली.

"मग खरोखरीच का नाही पुसून टाकत रे?" मी विचारलं.

तेव्हा तो मुलगा जे बोलला, त्यासाठी मी हा लेख लिहायला बसलो आहे. तो म्हणाला, "काका, डिलीट कधी करायचंच नसतं. डिस्क स्वस्त आहे."

डिस्क स्वस्त आहे! हे वाक्य मी नंतर चार ठिकाणी ऐकलं. भाच्याकडून ऐकलं, भाच्याच्या साहेबाकडून ऐकलं. आमच्या लहानपणी 'कालाय तस्मै नमः' म्हणून जे जे झटकता येत असे, ते ते हल्ली 'डिस्क स्वस्त आहे' म्हणून झटकतात.

डिस्क स्वस्त आहे, हे मी नाकारत नाही. १९८७ साली आमच्या ऑफिसात पहिला काँप्युटर आला तेव्हा त्याच्या पोटात वीस मेगाबाइटची डिस्क होती आणि तिच्यासाठी आम्ही बूट बाहेर काढून आत जात होतो. आज माझा नातू वरणभाताच्या ताटाचे फोटो काढतो. तसले पाचसहा फोटो झाले असते की ती डिस्क भरली असती. स्वस्त झाली, मान्य. पण स्वस्त आहे म्हणून ठेवून द्यायचं, हा न्याय एकदा घराला लावून बघा. आमच्या माळ्यावर वातीचा स्टो आहे, काच नसलेला कंदील आहे, ज्या चिरंजीवांचं टक्कल आता दिसू लागलं आहे त्यांचा पाळणा आहे. 'असू दे, खातंय का ते काही?' हे आमच्या सौभाग्यवतींचं माळ्याविषयीचं अधिकृत धोरण. पण माळ्यावरच्या वस्तू निदान मुकाट बसतात हो! पाळणा सकाळी सात वाजता खाली उतरून 'बाळ कुठाय?' असं विचारत नाही. डेटाबेसातल्या वस्तू विचारतात. हा फरक आहे.

बरं, हा त्रास वाढदिवसापुरताच असता तर मी सोडून दिलं असतं. पण जिथे पुसल्याचं सोंग असतं, तिथे त्या टेबलाला विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला 'पुसलेले सोडून' हे शेपूट जोडावं लागतं. शंभर ठिकाणी जोडलं आणि एके ठिकाणी विसरलं, की त्या एका भोकातून सगळे परत येतात. आमच्या गल्लीतल्या एक काकू मुलाकडे बेंगळुरूला राहायला गेल्या, नाव काढलं. तिथलं सांबार सोसवेना म्हणून वर्षात परत आल्या आणि नाव घालायला गेल्या. काँप्युटर म्हणाला, 'हा फोन नंबर आधीच नोंदलेला आहे.' बाईंनी शोधलं तर 'सभासद सापडला नाही.' आहे म्हणावं तर नाही, नाही म्हणावं तर आहे. काकू तासभर टेबलापुढे त्रिशंकूसारख्या उभ्या होत्या. शेवटी यजमानांचा नंबर लावून आत आल्या.

आणि आमचे अध्यक्ष! दर वार्षिक सभेत ते सांगतात, 'सभासदसंख्या आता सहा हजारांवर गेली.' टाळ्या पडतात. टेबलात किती ओळी आहेत, हे विचारून आणलेला तो आकडा. एकवाले आणि शून्यवाले सगळे धरून. आमची सभासदसंख्या वाढतच जाते, कमी होत नाही. मृत्यूवर विजय मिळवलेली पेठेतली ही एकमेव संस्था.

शिवाय मंडळी, ही माहिती आपली नसते. मास्तरांनी फोन नंबर दिला तो पुस्तक उशीर झालं तर कळवायला. ते काम संपलं, नंबर ठेवायचं कारण संपलं. हा माझा एकट्याचा हट्ट नाही. युरोपात २५ मे २०१८ पासून जो माहिती-संरक्षणाचा नियम लागू आहे, त्याच्या १७व्या कलमात माणसाला 'माझं पुसा' म्हणायचा हक्क दिलेला आहे. आपल्याकडे २०२३ साली डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षणाचा जो कायदा झाला, त्यातही म्हटलं आहे की, ज्या कामासाठी माहिती घेतली ते काम संपलं आणि दुसरा कुठला कायदा ठेवा म्हणत नसेल, तर ती पुसून टाकावी. 'तिच्यापुढे एक लिहा आणि डोळे मिटा' असं म्हटलेलं नाही.

आता तो मुलगा मला म्हातारा, हेकट आणि काँप्युटर न कळणारा समजत असणार. पहिल्या दोन गोष्टी खऱ्या आहेत. तिसरी नाही. १९८७ साली ऑफिसनं मला पंधरा दिवसांच्या ट्रेनिंगला पाठवलं होतं आणि डीबेस थ्री प्लस शिकून मी परत आलो होतो. हल्लीच्या पोरांना वाटतं की पुसल्याची नुसती खूण करण्याची युक्ती आपली. छे! डीबेसमध्ये 'डिलीट' म्हटलं की ओळ जात नसे. तिच्या अगदी सुरवातीला एक जागा राखलेली असे, तिथे चांदणी पडे. मन बदललं तर 'रिकॉल' म्हणायचं, चांदणी जायची. आणि खरोखरीच काढायचं असेल तर 'पॅक' म्हणायचं. मग चांदणीवाल्या ओळी कायमच्या जात आणि उरलेल्या सरकून बसत. पंगतीत मधली पानं रिकामी झाली की 'सरकून घ्या, सरकून घ्या' म्हणतात तसं. म्हणजे व्यवहार दोन पायऱ्यांचा होता. आधी खूण, मग विचार करून निकाल. आमच्या पिढीनं पहिली पायरी पुढच्यांना दिली, दुसरी द्यायची विसरली.

आणि पोरं दुसऱ्या पायरीला का भितात, हेही मला माहीत आहे. कारण त्या पायरीवरून मी एकदा पडलेलो आहे.

पगाराला दोन दिवस होते. कर्मचाऱ्यांच्या फायलीत ४१५ नावं. हेडक्लार्क म्हणाले, जुने रिटायर झालेले काढून टाका, यादी लांबते. मी पंधरा दिवसांचा पंडित. निवृत्तीचं साल असा एक आकड्याचा रकाना होता. मी हुकूम दिला, 'निवृत्तीचं साल १९८७ पेक्षा कमी असेल ते सगळे डिलीट.' बरोबर वाटतं ना? मलाही वाटलं. पडद्यावर आलं, '४१२ रेकॉर्ड्स डिलिटेड.' तो आकडा मी शाबासकीसारखा वाचला. लगेच 'पॅक' दाबलं.

मंडळी, जे नोकरीत होते त्यांचा निवृत्तीचा रकाना रिकामा होता. डीबेस आकड्याचा रिकामा रकाना शून्य धरतो. आणि शून्य हे १९८७ पेक्षा कमी असतं, हे मी तिसरीत शिकलो होतो. एका दमात मी जनरल मॅनेजरांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांना घरी पाठवलं होतं. त्यात मीही होतो. उरले फक्त तीन. ते त्याच वर्षी रिटायर झाले होते. म्हणजे त्या महिन्याचा पगार फक्त त्यांनाच मिळाला असता, ज्यांना तो द्यायचा नव्हता.

आदल्या आठवड्यातल्या शुक्रवारची ३६० किलोबाइटची फ्लॉपी हेडक्लार्कांनी कपाटात, हळदीकुंकवाच्या डबीसारखी जपून ठेवलेली होती म्हणून वाचलो. तीवरून फाइल परत आणली आणि मधल्या दिवसांच्या नोंदी आम्ही दोघांनी रात्रभर बसून पुन्हा भरल्या. पहाटे तीन वाजता हेडक्लार्क जांभई देत म्हणाले, "हे बघा, पुसण्याआधी मोजावं. मोजल्यावर विचारावं. विचारल्यावर पुसावं. तुम्ही उलट्या बाजूनं सुरवात केलीत." ते काही ट्रेनिंगला गेलेले नव्हते.

तर भीती खरी आहे. पण जिन्यावरून पडलेला माणूस पुढे जिना चढायचाच नाही असं ठरवत नाही, कठडा धरायला शिकतो. आणि डेटाबेसाला कठडे पुष्कळ आहेत हो! मायएसक्यूएल नावाच्या डेटाबेसला एक 'सेफ अपडेट्स' नावाची सोय आहे. ती लावली की कुठल्या ओळी काढायच्या हे खुणेनं किंवा आकड्याची मर्यादा घालून सांगितल्याशिवाय तो काढायचंच नाकारतो. त्याच सोयीचं करणाऱ्यांनी ठेवलेलं दुसरं नाव आहे 'आय ॲम अ डमी', म्हणजे 'मी मठ्ठ आहे.' हे नाव ठेवणारा माणूस मला भेटला तर मी त्याला जेवायला बोलवीन. मठ्ठपणाची कबुली हीच सुरक्षिततेची पहिली पायरी, हे कळायला मला चारशे बारा माणसं काढावी लागली होती.

दुसरा एक डेटाबेस आहे, त्याचं नाव कॅसँड्रा. तो एकच माहिती अनेक यंत्रांवर ठेवतो. तिथे ओळ पुसली की तिच्या जागी एक खूण उभी राहते, तिला इंग्रजीत थडग्याचा दगडच म्हणतात. आणि हा दगड किती दिवस ठेवायचा? तुम्ही वेगळं काही सांगितलं नसेल तर ८,६४,००० सेकंद. भागून बघा. बरोबर दहा दिवस! आता यात आमच्या कुठल्या गुरुजींचा सल्ला घेतला नसणार, पण कारण ऐकाल तर तेही आपल्यासारखंच आहे. एखादं यंत्र त्या वेळी बंद पडलेलं असेल तर ते उठल्यावर त्याला बातमी कळली पाहिजे. बातमी पोचायच्या आत दगड काढला, तर ते यंत्र जागं होऊन म्हणतं, 'अरे, हा कुठे गेला? माझ्याकडे तर आहे!' आणि गेलेली ओळ सगळीकडे पुन्हा जिवंत होते. म्हणून दहावा होईपर्यंत थांबायचं, लांबच्या नातेवाइकांना कळवायचं, आणि मग मात्र दगडही काढायचा. थांबणं आणि टाळणं यांतला फरक त्या कॅसँड्राला कळतो, आमच्या मुलाला कळत नव्हता.

एवढं सगळं मी त्याला ऐकवलं. तो तिसरा चहा पीत होता. म्हणाला, "काका, बरोबर आहे तुमचं. पण काही उडालं तर जबाबदार कोण?"

"मी," म्हणालो. कमिटीवर आल्यापासून मी पहिल्यांदाच कशाची तरी जबाबदारी घेत होतो. त्यालाही धक्का बसला, मलाही.

मग आम्ही कामाला लागलो. सोमवारी वाचनालय बंद असतं, तो वार धरला. पहिला नियम हेडक्लार्कांचा : मोजा. ज्या अटीनं पुसायचं त्याच अटीनं आधी नुसतं विचारलं, 'किती आहेत?' एकूण ओळी ६,१४०. त्यांत एकवाल्या २,३११. म्हणजे अध्यक्षांच्या टाळ्यांतल्या तिसऱ्या भागाहून जास्त टाळ्या गैरहजर माणसांसाठी होत्या. या २,३११ मधून मी वीस नावं अशीच निवडून बाईंना वाचून दाखवली. एकोणीस खरोखर गेलेले निघाले. विसावे गृहस्थ त्या वेळी दारात उभे राहून 'आज बंद का?' असं विचारत होते. कुणीतरी चुकून काढलेले, बिचारे वर्षभर शेजाऱ्याच्या कार्डावर वाचत होते. मग सगळीच यादी तपासली. मोजल्यावर विचारावं, ते याच्यासाठी.

दुसरं, बॅकअप. "आहे ना?" म्हटलं. "रोज रात्री आपोआप होतो," मुलगा म्हणाला. "तो परत उघडून कधी बघितलास?" तो छताकडे बघू लागला. मी त्याला ३१ जानेवारी २०१७ ची गोष्ट सांगितली. गिटलॅब नावाची जगभरच्या प्रोग्रॅमरांचं काम सांभाळणारी कंपनी. तिथे रात्रीच्या दमछाकीत एका माणसानं चुकीच्या यंत्रावर पुसायचा हुकूम दिला. थांबवेपर्यंत सुमारे ३०० गिगाबाइटांतले साडेचारच उरले होते. आणि मग कळलं की बॅकअपच्या पाच-पाच सोयी लावलेल्या, पण वेळेला त्यांतली एकही धड उपयोगाची नाही! कुणीतरी काही तासांपूर्वी सहज काढून ठेवलेली एक प्रत सापडली म्हणून सहा तासांच्या कामावर निभावलं. ही गोष्ट त्या कंपनीनं स्वतःच सगळ्यांना सांगितली, याबद्दल मात्र तिला नमस्कार. तर आम्ही बॅकअप जुन्या काँप्युटरवर उघडून पाहिला. तिसऱ्या खेपेला उघडला. पहिल्या दोन खेपांना काय झालं, ते मी कमिटीला सांगितलेलं नाही.

तिसरं, हुकूम. पुसायच्या हुकमात 'कुठून' असतं आणि 'कुठल्या' असतं. 'कुठल्या' सांगायला विसरलं तर डेटाबेस विचारत बसत नाही, सगळ्याच काढतो. म्हणून आधी 'व्यवहार सुरू' म्हणायचं, मग पुसायचं, किती ओळी गेल्या तो आकडा मोजलेल्या आकड्याशी ताडायचा, जुळला तर 'कायम' म्हणायचं, नाही तर 'मागे फिर.' मागे फिरलं की काही झालंच नव्हतं. संसारात ही सोय असती तर काय पाहिजे होतं! आणि सगळे एकदम काढायचे नाहीत. मोठ्या टेबलावर लाखो ओळी एका हुकमात काढायला गेलं की बाकीच्यांची कामं खोळंबतात. हजार-हजारांच्या पंगती बसवायच्या. आमच्या दोन हजारांना याची गरज नव्हती, पण मुलाला सवय लागावी म्हणून दोन पंगती केल्या.

पण त्याच्या आधी अडलं. पहिल्याच खेपेला डेटाबेसनं चक्क नकार दिला. म्हणाला, या ओळींवर दुसऱ्या टेबलांतल्या ओळी अवलंबून आहेत, काढता येणार नाहीत. मुलगा म्हणाला, "कॅस्केड लावू का काका? म्हणजे यांच्यासोबत त्यांचं सगळं आपोआप जाईल." डिलीट, सहकुटुंब सहपरिवार! मी म्हटलं, "थांब. आधी बघू तरी, काय अवलंबून आहे ते."

दोन गोष्टी होत्या. एक, कुणी कुठलं पुस्तक कधी नेलं त्याची नोंद. पुस्तक किती वेळा गेलं हे वाचनालयाला हवं असतं, कुणी नेलं हे माणूस गेल्यावर नको. तिथे सभासदाची जागा रिकामी करायची असं ठरलं. आणि दुसरं होतं अनामत रकमेचं टेबल. बाई जवळ आल्या, वाकून बघू लागल्या आणि गप्प झाल्या. पुसायच्या लोकांपैकी १८४ जणांची अनामत आमच्याकडे पडून होती. कुणी नेली नव्हती. आम्ही कुणाला कळवलंही नव्हतं. का कळवावं? पडद्यावर ते 'सापडला नाही' होते ना! त्या यादीत मास्तर होते. रुपये पाचशे.

माझा सगळा राग खरा कशावर होता, ते मला त्या क्षणी कळलं. शून्याचा एक केला की हिशेब करावा लागत नाही. नाव डोळ्यांआड होतं, देणं तसंच राहतं, आणि आपण सुटलो असं वाटतं. खरोखर पुसायचं म्हटलं की मात्र डेटाबेसच हात धरतो आणि विचारतो, 'याचं काय देणं आहे? याच्यावर कोण अवलंबून आहे? ते मिटवलंस का?' मिटवल्याशिवाय जाऊ देत नाही. आपल्यात माणूस गेला की तेरा दिवस घरात हेच चालतं. वाण्याचं देणं, दूधवाल्याचं देणं, कुणाची आणलेली भांडी, कुणाला द्यायचा शब्द. मग चौदाव्या दिवशी गोडाचं. आम्ही मात्र तेरावा न करताच फोटोला हार घालून मोकळे झालो होतो.

कमिटीत थोडा गोंधळ झाला. अध्यक्षांना सभासदसंख्या तीन हजारांत आल्याचं दुःख अनावर झालं. खजिनदार म्हणाले, इतक्या वर्षांत कुणी मागितली नाही अनामत, मग कशाला उकरायची? मी त्यांना वहिनींचा प्रश्न विचारला, उदंड म्हणजे किती. मग कुणी काही बोललं नाही. ठराव झाला. १८४ घरांना पत्रं गेली. पैशांच्या पावत्या हिशेबाच्या वहीत राहतील, त्या कायद्यानं ठेवायच्याच असतात. आणि यापुढे नाव काढलं की एक वर्ष खूण राहील, तारखेसकट. कुणी चुकून काढला गेला असेल तर परत येऊ दे. वर्ष झालं, देणं मिटलं, की ओळ जाईल. खुणेला माझा विरोध नाही. ती स्टेशनावरची वेटिंग रूम आहे, तिथे कुणी बिऱ्हाड करू नये.

मास्तरांची अनामत घेऊन मी स्वतः गेलो. सोबत बाईंनी एक गठ्ठा दिला होता, मास्तरांनी नेलेल्या पुस्तकांची यादी. वाचनालयात काँप्युटर आला तेव्हापासूनची. पुसायच्या आधी छापून घेतली, एकच प्रत. वहिनींनी पाचशे रुपये मोजले नाहीत, पदराला बांधल्यासारखे पाकिटात ठेवले. यादी मात्र त्या पहिल्या पानापासून वाचू लागल्या. मधेच म्हणाल्या, "हे तर आम्ही दोघांनी वाचलं होतं." मग, "हे त्यांनी तीनदा आणलं, आणि मला म्हणाले पहिल्यांदाच वाचतोय." शेवटच्या पानावर शेवटची ओळ बघून त्या थांबल्या. ते पुस्तक मीच परत केलं होतं.

यादी घडी घालून त्यांनी देवाच्या कपाटात ठेवली आणि म्हणाल्या, "आता काढा त्यांचं नाव, भावजी. नीट काढा."

दुसऱ्या दिवशी मास्तरांची ओळ मुलानं वेगळी काढली, मीच त्याला तसं सांगितलं होतं. मोजलं, एक. पुसलं, एक. ताडलं, जुळलं. 'कायम' म्हणायच्या आधी त्यानं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. पडद्यावर काही आलं नाही, घंटा वाजली नाही. तो म्हणाला, "काका, खरं म्हणजे डिस्कवरची जागा अजून लगेच मोकळी होत नाही हं. पोस्टग्रेस आहे ना हा, पुसलेल्या ओळी मेलेल्या म्हणून आतच पडून राहतात. मग त्याचा झाडूवाला येतो आणि झाडून जातो." झाडूवाला कधी येतो, तेही ठरलेलं आहे म्हणे. मेलेल्या ओळी टेबलाच्या वीस टक्के आणि वर पन्नास, एवढ्या झाल्या की आपोआप. जागा त्याच टेबलाच्या नव्या ओळींना मिळते. डिस्कला परत हवी असेल तर सगळं घर रिकामं करून रंग काढल्यासारखा दुसरा मोठा झाडू मारावा लागतो, आणि तोवर कुणाला आत येता येत नाही. आणि रोजचे जुने बॅकअप? त्यांतही मास्तर अजून होते. ते तीस दिवसांनी एकेक करून जाणार होते.

तो मला चिडवायला सांगत होता, की बघा, पुसणं इतकं सोपं नसतं. मी म्हटलं, "नसतंच रे. म्हणून तर नीट करायचं."

यंदा मास्तरांच्या जन्मतारखेला सकाळी सात वाजता त्यांचा फोन वाजला नाही. आठ वाजता मी गेलो. वहिनींनी चहा टाकला.